मदत हवी आहे: कॉम्प्युटरच्या छोट्या केसचं झाकण बसत नाही, आणि स्क्रीन काळी

मंडळी, नमस्कार.

धागा लांबलाय, पण अर्धवट लिहिलं की मदतीऐवजी उलटे प्रश्नच येतात. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

मी घरून डीटीपी करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, आणि जुलै उजाडला की दिवाळी अंक. कोरलड्रॉ, फोटोशॉप, श्रीलिपी एवढंच लागतं, गेम एकही नाही. लालबागला एक खोली आणि स्वयंपाकघर, माणसं चार. जुना टॉवर शिलाई मशीनच्या पायाशी असतो. आई केर काढताना त्याला रोज झाडूने ढोसते, आणि महिन्यातून एकदा तरी वायर हलून माझं सेव्ह न केलेलं पान जातं. म्हणून ठरवलं, नवा घ्यायचा तो भिंतीतल्या फडताळात मावेल असाच. फडताळ आतून ३८ सेंमी रुंद, ३० खोल, वरच्या फळीपर्यंत २६.

दोन शनिवार लॅमिंग्टन रोड (मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार) पालथा घातला आणि हे आणलं: रायझन ५ ८६००जी प्रोसेसर (वेगळं ग्राफिक्स कार्ड नको म्हणून), बी६५० चिपसेटचा मिनी-आयटीएक्स (लहान मापाचा) मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॅटचा एसएफएक्स (लहान मापाचा) पॉवर सप्लाय आणि एक चपटी केस. केसची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक माझी आहे. तिच्या खोक्यावर 'कूलर ४७ मिमीपर्यंत' असं स्वच्छ छापलंय (कूलर म्हणजे प्रोसेसर गार ठेवणारा पंखा). मी फक्त बोर्डाचं माप बघितलं, १७ बाय १७ सेंमी, बसला की झालं! प्रोसेसरबरोबर आलेला कूलर ५४ मिमीचा निघाला.

तर आता प्रश्न दोन.

एक, झाकण बसत नाही. बाबा मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी ट्रंकेतून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) काढला, कूलर उतरवायला लावला, केसच्या काठावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि मागची काडी प्रोसेसरच्या टोपीपर्यंत सोडून माप घेतलं: ४८.६. "कंपनीने दीड मिलिमीटर हातचा ठेवलाय, तुझा कूलर तरीही साडेपाचने वर," एवढं सांगून ते आता होल-सॉ शोधतायत. कूलरच्या डोक्यावर झाकणाला गोल भोक पाडायचं म्हणतात. कोऱ्या केसला भोक पाडू द्यावं का?

दोन, आणि खरी काळजी हीच. कूलर उतरवायच्या आधी झाकण न लावता चालू करून बघितलं होतं. पंखा फिरतो, बोर्डावर डीरॅम (म्हणजे रॅम) लिहिलंय तिथे पिवळा दिवा लागतो आणि स्क्रीन काळीच. मिनिटभर वाट बघितली, बंद केलं, परत चालू केलं. असं चार वेळा झालं. रॅम मेली का? दुकानदार बदलून देईल, पण सात दिवसांतच.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
एवढ्या खटाटोपापेक्षा तयार मिनी पीसी घ्यायचा ना ताई. डोक्याला ताप नाही.

धागाकर्ती
घेतलाही असता. पण मधल्या भावाच्या तयार मशीनचं काहीतरी बिघडलं तर सुटा भाग मिळेना, अख्खं मशीन पडून आहे. माझं पोट यावर आहे. उद्या काही गेलं तर तेवढंच बदलता यावं.

प्रतिसाद २
सगळ्यात आधी: कूलर नसताना चुकूनही चालू करू नका, "नुसतं बघायला" म्हणूनसुद्धा नाही.

रॅम मेलेली वाटत नाही. एएम५ (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचे) बोर्ड डीडीआर५ रॅमशी पहिल्यांदा जुळवून घेताना बराच वेळ खातात. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्या वेळात स्क्रीन काळी आणि डीरॅमचा दिवा लागलेला, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच दिसतं. तुम्ही मिनिटाला बंद करत गेलात, म्हणजे दर वेळी त्याचा अभ्यास पहिल्या पानापासून. पंधरा मिनिटं हात लावू नका.

तरी नाही आलं तर दुसरी शक्यता बघा. बी६५० बोर्ड २०२२ च्या शेवटी आले, ८६००जी आला २०२४ च्या जानेवारीत. दुकानात जुना साठा असेल तर बायोसला (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरला) हा प्रोसेसर ओळखताच येणार नाही. खोक्यावर ८००० मालिकेचं स्टिकर आहे का? नसेल तर मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण शोधा. असेल तर एफएटी३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर नवी बायोस टाकून काम होतं.

आणि प्रोसेसरजवळची चार-चार पिनांची वीजजोडणी नीट खटकन बसलीय ना? छोट्या केसमध्ये ती वायर बोर्डाखालून वळवताना अर्धवट राहते. माझी राहिली होती, आणि मी दोन दिवस बोर्डाला शिव्या घातल्या.

प्रतिसाद ३
कूलरचं सांगतो. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ नावाप्रमाणे ४७ मिमीचा आहे. काकांच्या मापाने बसेल, पण पंखा आणि जाळी यांच्यात जेमतेम दीड मिमी उरेल. पंखा जाळीला इतका चिकटला की गुणगुणतो. रात्री एक वाजता पानं लावणाऱ्या माणसाला ते सोसणार नाही. त्याचाच एक्स३६ हा ३६ मिमी, नॉक्टुआचा एनएच-एल९ए-एएम५ हा ३७. दोन्ही रॅमवर येत नाहीत. नॉक्टुआ महाग आहे.

एवढ्या बुटक्या कूलरबरोबर बायोसमधून प्रोसेसर ४५ वॅटवर ठेवा. त्याची मुभा ४५ ते ६५ अशी दिलेलीच आहे. कोरल आणि फोटोशॉपला फरक कळणारही नाही.

हो, कूलर काढलात म्हणजे पहिली पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) गेली. बॉक्सच्या कूलरला ती तळाशी लावूनच आलेली असते. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पेस्टची नवी ट्यूब आणा. जुनीच परत दाबून बसवू नका.

प्रतिसाद ४
काकांना नमस्कार! पण भोक नको. झाकणाला आधीच जाळी आहे ना? आणि पाडायचंच झालं तर झाकण गॅलरीत नेऊन पाडा. लोखंडाचा कीस बोर्डावर पडला तर शॉर्ट.

बुटका कूलर घेतलात तर उलटी अडचण येते. पंखा आणि जाळी यांच्यात अकरा-बारा मिमीची पोकळी राहते, आणि पंखा बाहेरची गार हवा घेण्याऐवजी केसमधलीच गरम हवा गिरवत बसतो. त्यावर उपाय म्हणजे फोमची चौकट. पंख्याच्या काठावर ठेवायची, ती झाकणाला टेकते, हवा सरळ बाहेरून येते. विकतही मिळते. मी योगा मॅट कापून केलीय.

प्रतिसाद ५
सगळे केसबद्दल बोलतायत, फडताळाचं काय? दार लावलंत तर ते फडताळ नाही, इन्क्युबेटर. जाळीची बाजू भिंतीकडे ठेवू नका, वरती बोटभर जागा सोडा. एनव्हीएमई बोर्डाच्या पाठीमागे असेल तर तीही तापते.

अवांतर: देवघर शेजारी नाही ना? उदबत्तीची राख पंख्यात बसते, स्वानुभव.

धागाकर्ती (अपडेट)
मंडळी, चालू झालं!

पेस्ट आणली, जुनाच कूलर परत लावला, झाकण उघडंच ठेवलं. चार-चारची जोडणी बघितली, ठीक होती. खोक्यावर स्टिकर नव्हतं, त्यामुळे धाकधूक होती. बटण दाबलं आणि इथे बसून राहिले तर हात शिवशिवतील म्हणून उठून भाताचा कुकर लावला. दुसरी शिट्टी झाली तरी पिवळा दिवा तसाच. तिसरीला मुलगा ओरडला, "आई, आलं!" बायोसचं पान. ३२ जीबी दिसतेय. पुढच्या वेळेपासून अर्ध्या मिनिटात येतंय. प्रतिसाद २, तुमचे उपकार. मी दुसऱ्या दिवशी रॅम परत करायला निघाले होते.

मग ३७ मिमीचा कूलर घेतला. महाग पडला, मान्य. भोकाचा बेत रद्द झाल्यावर बाबा दिवसभर गप्प होते. फोमचं वाचून दाखवलं तेव्हा उठले, मुलाची तुटलेली रबरी चप्पल घेतली, ब्लेडने तळव्याचे पट्टे काढले आणि व्हर्नियर लावून लावून ११ मिमीवर आणले. हिशेबाने पोकळी ११.६ होती, "पॉइंट सहा फोम नाही, फेव्हिकॉल खाईल," म्हणाले. काळ्या पंख्यावर निळी चौकट दिसते, पण झाकण बसलं.

४५ वॅटवर आहे. साठ पानांचा अहवाल पीडीएफ करताना तापमान ८०च्या जरा खाली राहिलं, तेही फडताळाचं दार उघडं ठेवून. दार लावून अर्धा तास बघितलं तर ८८. दार लावल्याशिवाय आईला चैन पडत नाही.

त्यामुळे आता उरलेले प्रश्न: (१) श्रीलिपीचा डोंगल (सॉफ्टवेअरची यूएसबी किल्ली) मागे लावला की भिंतीला टेकतो. काटकोनात वळलेला यूएसबी जोड लॅमिंग्टनला सुटा मिळेल का? (२) फडताळाचं दार जुन्या सागाचं आहे. खाली-वर जाळी बसवायची तर किती मोठी भोकं पुरतील? जरा लवकर सांगा. बाबांना होल-सॉ सापडलाय, आणि आई दारासमोरून हलायला तयार नाही.