वसंतातला अवकाळी : फ्रान्सच्या खेड्यांतल्या पावसाचे अनुभव

मागच्या महिन्यात नाशिकहून आलेल्या पाहुण्यांनी आमच्या तळघराच्या भिंतीवरचा करडा पट्टा पाहून विचारले, की नदी तर पार त्या झाडांपलीकडे आहे, मग इथवर पाणी आले कसे? उत्तर देताना लक्षात आले, की या देशातल्या वसंतातल्या पावसाविषयी आपण मराठीत फारसे बोललेलोच नाही. फ्रान्सच्या खेड्यात मार्च ते जून या काळात सलग पाऊस अनुभवलेल्या सर्वांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. पॅरिसमधल्या छत्र्यांविषयी नको; शेत, तळघर, रस्ता, गोठा यांविषयी लिहावे. सुरुवात मी करते.

ल्वाँ नदीकाठचे गाव, 2016

आमचे गाव मोंतार्जी आणि नमूर यांच्या मधे, ल्वाँ नदीपासून सुमारे चारशे मीटरवर आहे. ही नदी पुढे उत्तरेला जाऊन सेन नदीला मिळते. त्या वर्षी मे महिनाभर अधूनमधून पाऊस होताच, पण 28 तारखेच्या शनिवारनंतर तो थांबेनासा झाला. आपल्या मुसळधार पावसाची सवय असलेल्या मला त्यात भीतीदायक असे काही वाटले नाही. मी कोकणातली, इथून जवळच्या ऑर्लेआँ परिसरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, म्हणजे सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तेवढा आमच्याकडे जुलैतल्या एखाद्या वाईट आठवड्यात पडून जातो. माझा अंदाज चुकला तो नेमका येथे. कोकणातली जमीन, ओढे, पऱ्हे आणि घरांची जोती त्या पावसासाठीच घडलेली आहेत. इथे वर्षाचा पाऊस बारा महिन्यांत जवळपास सारखा वाटून पडतो आणि सगळी व्यवस्था त्या बेताने उभी आहे.

शेजारच्या आजीही निर्धास्त होत्या, कारण त्यांच्या अनुभवात पूर ही हिवाळ्याची गोष्ट होती. मे महिन्यात झाडे आणि पिके जोमात वाढत असल्याने जमिनीतले पाणी ओढून घेतात, त्यामुळे या दिवसांत नदीला मोठा पूर सहसा येत नाही. त्या वर्षी मात्र माती आधीच पाण्याने भरलेली होती आणि नंतरचा प्रत्येक थेंब सरळ नदीकडे धावला. पॅरिसला वाचवण्यासाठी सेन, मार्न, ओब आणि योन या नद्यांच्या वरच्या भागात चार मोठे जलाशय बांधलेले आहेत; ल्वाँवर तसा एकही नाही.

बुधवारी, 1 जूनला सकाळी तळघरात गेले तेव्हा पाणी दारातून आलेलेच नव्हते. ते फरशीच्या सांध्यांतून, अगदी शांतपणे, स्वच्छ पाणी वर येत होते. बटाट्याची पोती आधी ओली झाली, मग मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या एकमेकींवर किणकिणत तरंगू लागल्या. दुपारी गावच्या महापौरबाई स्वतः गमबूट घालून दारोदार फिरल्या. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी त्यांच्या हातात होती आणि सभागृहात खाटा मांडून झाल्या होत्या. पंप घेऊन आलेल्या अग्निशमन दलाच्या मुलांपैकी एक जण एरवी आमच्या बेकरीत पाव भाजणारा होता, कारण खेड्यांतले बहुतेक जवान स्वयंसेवकच असतात. त्याने तळघर उपसण्यास चक्क नकार दिला. बाहेर भूजल वर असताना आत रिकामे केले तर दाबाने भिंत आत येते, असे त्याने समजावून सांगितले. मी त्या वेळी चिडले होते. आज त्याचे आभार मानते.

नमूरमध्ये पाणी 1910 च्या प्रसिद्ध पुराच्याही वर गेले आणि बाजारपेठ बुडाली. दोन दिवसांनी, 3 आणि 4 जूनच्या मधल्या रात्री, पॅरिसमध्ये सेन 6.10 मीटरवर पोहोचली, आणि जगाने बातमी दाखवली ती लूव्र संग्रहालयातल्या वस्तू वरच्या मजल्यावर हलवण्याची.

जिरोंद, 2018

मी दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराचा मुलगा. बोर्दोजवळच्या एका सेंद्रिय बागेत त्या वर्षी चार महिने शिकाऊ म्हणून होतो. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात आणि केवडा या बुरशीजन्य रोगाची खरी धास्ती असते ती फळछाटणीनंतरच्या पावसाची. तिथे वेल हिवाळाभर झोपलेला असतो आणि एप्रिलमध्ये एकदाच फुटतो, त्यामुळे वसंतात पाऊस लागला की वर्षाचे सगळे पीक एकाच वेळी उघड्यावर येते. बागेचे मालक तीन दहांचा नियम सांगत : कोंब 10 सेंटिमीटरचे झाले, तापमान 10 अंशांवर गेले आणि 10 मिलिमीटर पाऊस झाला, की केवडा आलाच असे समजावे.

बोर्डो मिश्रणाचा जन्म याच भागातला. मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरूंनी खाऊ नयेत म्हणून मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचा निळा सडा मारत. त्या वेली रोगातून वाचल्याचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि 1885 मध्ये त्यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली. लहानपणापासून पाठीवर वाहिलेल्या त्या निळ्या द्रावणाच्या माहेरी आपण आलो आहोत, याचे मला फार अप्रूप होते. ते पहिल्या पंधरा दिवसांतच ओसरले. तांबे पानाच्या आत शिरत नाही, वरच बसते, आणि 20-25 मिलिमीटर पाऊस झाला की धुऊन जाते. पुन्हा फवारायचे तर ओळींमधल्या चिखलात ट्रॅक्टर रुततो. एकदा चाक इतके खोल गेले, की मालकांनी इंजिन बंद केले, पायरीवर बसून सिगारेट पेटवली आणि पंधरा मिनिटे ते एक शब्द बोलले नाहीत.

शेवटी आम्ही चौघांनी पाठपंपाने उताराच्या ओळी फवारल्या. तरी जूनमध्ये मेर्लो जातीच्या द्राक्षवेलींच्या पानांवर तेलाचे थेंब सांडल्यासारखे पिवळट डाग दिसले आणि पान उलटले की पांढरी बुरशी. वडिलांना व्हिडिओ कॉलवर ते पान दाखवले, तर त्यांनी क्षणात ओळखले आणि विचारले, "आंतरप्रवाही का नाही मारत?" सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी ती पानाच्या आत शिरणारी औषधे चालत नाहीत हे मी सांगितले. पुढच्याच वर्षापासून युरोपीय नियमांनी तांब्यालाही सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली.

बोस, 2016

वरच्या पहिल्या अनुभवाला जोडून लिहितो. त्या वर्षी मी शार्त्रजवळ धान्याच्या गुणवत्ता तपासणीचे काम करत होतो. पुराची छायाचित्रे सर्वत्र आली, पण बोसच्या, म्हणजे शार्त्रभोवतीच्या मैदानातल्या, गव्हाचे छायाचित्र कोणी काढले नाही, कारण दिसण्यासारखे काहीच नव्हते. जूनमध्ये गहू उंच, दाट, हिरवागार उभा होता आणि शेतकरी चांगल्या सुगीच्या गोष्टी करत होते. परंतु फुलोरा आणि दाणा भरण्याच्या नेमक्या दिवसांत ऊन नव्हते, मुळे पाण्यात गुदमरली आणि ओंब्यांवर बुरशी चढली. जुलैत पहिला ट्रेलर काट्यावर आला तेव्हा मी मूठभर दाणे तळहातावर घेतले. ते सुरकुतलेले होते आणि फुंकर मारताच निम्मे उडाले. घेऊन आलेल्या गृहस्थांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि दुसरीकडे तोंड फिरवले. आदल्या वर्षी देशात सुमारे 41 दशलक्ष टन गहू झाला होता. त्या वर्षी तो 28 दशलक्ष टनांच्या घरात आला.

लिमुझँमधला गोठा

माझे सासर पशुपालकांचे आहे. आमच्याकडे पूर येत नाही, वैरण सडते. पहिली कापणी मे अखेरीस होते आणि गवत कापून, उलटून, बांधून होईपर्यंत सलग तीन कोरडे दिवस लागतात. ते मिळाले नाहीत तर ओलसर गवताचे गोल भारे प्लास्टिकमध्ये गुंडाळून आंबवावे लागतात, आणि सासऱ्यांच्या मते गाईंना ते आवडले तरी माणसाला त्याचा वास आवडू नये. एवढेच.

शाब्ली, 2024

आम्ही ईस्टरच्या सुट्टीत चार दिवस एका शेतघरात राहिलो होतो. सोमवारी, 1 एप्रिलला, सेरँ नदी शाब्ली गावात शिरली. आम्हाला दिसले ते एवढेच, की काल ज्या रस्त्याने पाव आणायला गेलो होतो त्यावर फळी आडवी टाकली होती आणि तिच्यामागे रस्ता नव्हता. घरमालकीणबाईंनी मुलांना पावसानंतर बाहेर पडलेल्या गोगलगाई दाखवल्या. मात्र बर्गंडीच्या मोठ्या गोगलगाई 1 एप्रिल ते 30 जून या विणीच्या काळात गोळा करण्यास कायद्याने बंदी असल्याचेही बजावले. मुलांना सहलीतले तेवढेच आठवते.

तूर शहराजवळून

येथे 8 जून हा सँ मेदार या संताचा दिवस. त्या दिवशी पाऊस पडला तर चाळीस दिवस पडत राहतो, मात्र 11 तारखेला सँ बार्नाबे येऊन तो आवरू शकतो, असे जुनी माणसे म्हणतात. माझ्या साताऱ्याच्या आईचा याच सुमारास दरवर्षी फोन येतो, कारण मृग निघालेला असतो. एका वर्षी शेजारचे आजोबा कुंपणापाशी उभे राहून थेंब पडतो का म्हणून काळजीने वर पाहत होते आणि फोनवर आई थेंब पडत नाही म्हणून काळजीत होती. मी दोघांनाही "पडेल" असेच म्हणाले. आजोबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

पुन्हा ल्वाँकाठून

विम्याविषयी दोघांनी विचारले आहे. 1982 च्या कायद्यानुसार सरकारने तुमचे गाव नैसर्गिक आपत्तीग्रस्त असल्याचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध केला, तरच घरविम्यातून भरपाई मिळते. आमच्या वेळी आदेशानंतर दहा दिवसांत दावा नोंदवावा लागे आणि पहिले 380 युरो आपल्याच खिशातून जात. आदेश लवकर आला, पण तज्ज्ञ पाहणीला सप्टेंबरमध्ये आला आणि त्याने भिजलेल्या वस्तूंची छायाचित्रे मागितली. मी त्या केव्हाच फेकल्या होत्या. तेव्हा चिखल काढण्याआधी छायाचित्रे काढा, आणि गिलावा लगेच करू नका. आमच्या गवंड्याने भिंत वर्षभर उघडी ठेवायला लावली आणि मग चुन्याचाच गिलावा केला. तो पट्टा तरीही वर आला.

गावातल्या जुन्या गिरणीच्या भिंतीवर 1910 च्या पाण्याची खूण कोरलेली आहे. शेजारच्या आजी लहानपणी तिच्याखाली उभ्या राहून उंची मोजत असत. 2016 ची खूण तिच्या वर, वीतभर अंतरावर आहे.