मेळघाटात स्तनकर्करोग तपासणी: मॅमोग्राफीची (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीची) गाडी की सिस्टरचा हात? बोलणारे तिघे, आपापल्या कामाच्या नावाने: क्षकिरण, उपकेंद्र आणि पॅथलॅब.

क्षकिरण: धारणी-चिखलदऱ्यात रेडिओलॉजिस्ट टिकत नाही. मग गाडी फिरवा, तंत्रज्ञ दोन्ही बाजूंच्या मिळून चार प्रतिमा काढेल, वाचणारा नागपुरात बसेल. रेंज नसेल तर मुक्कामी पोचल्यावर पाठवा. हा अहवाल काही त्याच मिनिटाला लागत नाही.

उपकेंद्र: रेंजचं सोडा हो. घाटात हादरे खाल्लेलं यंत्र रोज फँटमवर, म्हणजे स्तनाच्या नमुना-ठोकळ्यावर तपासावं लागतं. प्रतिमा टिपणाऱ्या डिटेक्टरला उष्णता सोसत नाही, म्हणजे मे महिन्यात एसी आणि जनरेटर रात्रभर. डिझेल कुठल्या हेडखाली? शेवटी होतं काय, फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकतात. त्यात कॅल्शियमचे बारीक कण, म्हणजे सुरुवातीच्या कर्करोगाची संभाव्य खूण, पुसले जातात, जे शोधायला एवढा खटाटोप!
त्यापेक्षा टाटा मेमोरियलची मुंबईतली चाचणी बघा. १९९८ पासून दीड लाखावर बायका, त्यांतल्या साधारण निम्म्यांची प्रशिक्षित सेविकांकडून दर दोन वर्षांनी हाताने तपासणी, चार फेऱ्या. पन्नाशीपुढच्यांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

क्षकिरण: आणि सगळ्या वयांचे मिळून १५ टक्के, तेही संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरलेले. ते गाळू नका. व्हॉट्सॅपला माझाही विरोधच आहे. डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांची मूळ) फाइल लॉसलेस, म्हणजे तपशील न गमावता जावी आणि ५ मेगापिक्सेलच्या मॉनिटरवरच वाचावी.

पॅथलॅब: दोघंही गाठ सापडेपर्यंतच भांडताय. मॅमोग्राफीच्या अहवालात बायरॅड्स श्रेणी ० (तपासणी अपुरी) आली तर सोनोग्राफी कुठे? ४ (संशयास्पद) आली तर कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढणं, कोण करणार? १४ गेजच्या सुईने काढलेला तुकडा तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे, सलाइनमध्ये नाही, आणि त्यात ६ ते ७२ तासच राहिला पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी घेतला आणि मंगळवारी लॅबला पोचला, की ईआर-पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का, ही चाचणी) खोटा निगेटिव्ह येण्याचा धोका. म्हणजे हार्मोन रोखणाऱ्या टॅमॉक्सिफेन गोळीने जिला फायदा झाला असता ती बाई त्याला मुकते. बायोप्सी सोमवार ते बुधवारच ठेवा.

उपकेंद्र: हे पटलं. म्हणूनच ई-संजीवनी (सरकारची दूरवरून डॉक्टरी सल्ल्याची सेवा) प्रतिमांसाठी नाही, इथे वापरा. गाठ लागली की सीएचओने (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने) बाई समोर असतानाच सर्जनला जोडावं: कुठली बाजू, स्तन घड्याळाची तबकडी धरून कितीच्या काट्यावर, स्तनाग्रापासून किती सेंटिमीटर, आकार, हलते का, काखेत काही लागतं का, त्वचा ओढली आहे का. नुसतं 'गाठ आहे' लिहिलं तर पलीकडून 'समक्ष पाठवा' एवढंच येणार. बायोप्सीची तारीख मिळाल्याशिवाय कॉल बंद करायचा नाही.

क्षकिरण: तारीख द्याल, बाई गावात असेल का? दिवाळीनंतर कामाला गेलेली कोरकू कुटुंबं होळीला परततात.

उपकेंद्र: मग तुमची गाडी तरी जानेवारीत कोणाला तपासणार?