कुर्डुवाडीला गाडी बदललीय का कधी? अनुभव लिहा

परवा आईला घेऊन पंढरपूरला गेलो तर कुर्डुवाडी कधी आली न् गेली कळलंच नाही, डबासुद्धा बदलावा लागला नाही. आमच्या लहानपणी पंढरपूरची लाईन अरुंद रुळांची, म्हणून कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतनं उतरायचं, ट्रंक घेऊन छोट्या गाडीकडं पळायचं, बाबा पुढं, आम्ही मागं, आणि आई ओरडतेय की फिरकीचा तांब्या राहिला आत! तो तांब्या सोलापूरला गेला. तुमचं काय काय गेलं तिथं?

—

बार्शीकर हजर! १८९७ ला कुर्डुवाडीपासून ही छोटी लाईन झाली ती आमच्या बार्शीपर्यंतच, अडीच फुटी रूळ. पंढरपूर १९०६, लातूर १९११, मिरज तर पार १९२७. आणि तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनला बार्शी रोड म्हणायचे, हे आमचे आजोबा प्रत्येक कुर्डुवाडीकराला ऐकवायचेच.

—

ऐकलंय, दर लग्नात ऐकलंय 😄 मी कुर्डुवाडीचाच, वडील रेल्वेच्या वर्कशॉपात. तुम्ही सगळे गाडी बदलणारे, आमचं घरच तिथं. वर्कशॉपचा भोंगा झाला की आई कुकर लावायची. पाहुणे मात्र फुकटचे, कनेक्शन चुकलं की लातूरकडचा कुणीतरी लांबचा मामा रात्री दारात उभा, मग पिठलं टाका. निम्म्यांचं नातं मला अजून कळलेलं नाही.

—

त्यातला एखादा मामा आमच्याकडचा असेल, सॉरी. पुण्यात शिकायला होतो, लातूरची लाईन अजून नॅरोगेज, म्हणजे तेच अडीच फुटी रूळ, पुण्याची गाडी लेट म्हणून पुढची सुटलेली. बाकड्यावर झोपलो, जाग आली तर शेजारच्या आजींनी अंगावर त्यांची घोंगडी टाकलेली. आषाढीचे दिवस, फलाटभर वारकरी, पाय ठेवायला जागा नाही. दशमी-चटणी दिली, नाव विचारायचं राहिलं.

—

मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली ती याच वाटेनं, पंढरपूर-कुर्डुवाडी करत, पहिल्या खेपेला दहा वाघिणी (टाकीचे डबे), पाच लाख लिटर. रूळ अडीच फुटीच राहिले असते तर ती गाडी आलीच नसती. आमच्याकडं तेव्हा नळाला पाणी येऊन किती दिवस झाले हे मोजणं सोडलेलं. आई म्हणाली, आजवर आपण कुर्डुवाडीला गाडीची वाट बघायचो, आता गाडीची वाट लातुरात बसून बघतोय.

—

ते सगळं ठीक, पण तांब्या मिळाला का?