मदत हवी आहे: पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने 7 मिनिटे बोलायचे आहे

मांडवीतीर
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजचा पदवीदान समारंभ पुढच्या शनिवारी आहे आणि पदवी घेणाऱ्या मुलांच्या वतीने मला 7 मिनिटे बोलायचे आहे. मराठीत बोलायला परवानगी मिळाली आहे. सभागृहात साधारण 400 माणसे असतील. पालक बरेचसे गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, फोंड्याकडचे, म्हणजे घरात कोकणी आणि वर्तमानपत्र मराठी. दोन-तीन प्राध्यापकांना मराठी जेमतेम कळते.

मसुदा 1250 शब्दांचा झालाय. सुरुवात अशी: "आजचा दिवस आपल्या सर्वांच्या आयुष्यातील सुवर्णाक्षरांनी लिहिण्यासारखा दिवस आहे. शिक्षण ही यशाची गुरुकिल्ली आहे..." वाचताना मलाच पुढे जावेसे वाटत नाही. किती कापू? सुविचार ठेवू का? पाठ करू की बघून वाचू? मध्ये कोकणी आली तर चालेल? जाणकारांनी सांगावे. आगाऊ धन्यवाद.

तालीमघर
आधी हिशेब. मंचावरून, थांबे घेत, मागच्या रांगेला कळेल असे मराठी बोलले की मिनिटाला 100 ते 110 शब्द होतात. 1250 शब्द म्हणजे साडेअकरा ते साडेबारा मिनिटे. तुमच्या 7 मिनिटांतले एक मिनिट पोडियमपर्यंत चालणे, कागद लावणे आणि टाळ्या यांत जाणार. उरली 6. म्हणून 620 ते 650 शब्दच लिहा. मनातल्या मनात वाचून वेळ मोजू नका, नजर जिभेपेक्षा फार वेगाने धावते. उभे राहून, मोठ्याने, मोबाईलवर वेळ लावून तीनदा वाचा आणि सर्वांत जास्त लागलेली वेळ खरी धरा.

पहिली कात्री नामावलीला. व्यासपीठावर आठ-नऊ जण असले आणि प्रत्येकाचे नाव पदासकट घेतले तर एक मिनिट तिथेच संपते, शिवाय सूत्रसंचालकाने ती नावे आधीच घेतलेली असतात. "व्यासपीठावरील मान्यवर, आमचे गुरुजन, आमचे आईबाबा आणि मित्रांनो" एवढे पुरे. प्रमुख पाहुण्यांचे नाव घ्यावेच लागते का, ते प्राचार्यांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. घ्यायचे असेल तर उच्चारही तिथेच विचारा.

आंब्याची_सावली
मांडवीतीर, तुम्हाला पुढे जावेसे वाटत नाही त्याचे कारण त्या दोन वाक्यांत तुमचे कॉलेजच नाही. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे मडगावच्या किंवा म्हापशाच्या कुठल्याही कॉलेजात जसेच्या तसे म्हणता येईल का? येत असेल तर खोडा. उरेल ते तुमचे भाषण. सुविचार या चाळणीतून आपोआप गळतात.

साहित्य गोळा करायला वर्गातल्या दहा जणांना विचारा, पण "कॉलेजने काय दिले" असे नको. त्यावर सगळे "संस्कार, आत्मविश्वास" म्हणतील. विचारा: रोज कुठे बसायचात, कशाची वाट बघायचात, कुणी काय केले जे त्याच्या कामाचा भाग नव्हते? उत्तरांत वस्तू, वेळ आणि जागा येतील. त्यांतले दोन प्रसंग घ्या. तीन नकोत. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी 12 जून 2005 रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदवीदानात तीन गोष्टी सांगितल्या हे सगळ्यांना ठाऊक असते आणि म्हणून प्रत्येक जण तीनच करायला जातो. पण त्यांच्याकडे पंधराएक मिनिटे होती. सहा मिनिटांत तीन प्रसंग घातले की प्रत्येकाचे नुसते शीर्षक उरते. त्यांच्याकडून घ्यायचे ते वेगळे: आपण कॉलेजची पदवी घेतलेलीच नाही, हे त्यांनी अगदी सुरुवातीला सांगून टाकले. त्यामुळे ऐकणाऱ्याला कळले की हा माणूस उंचावरून बोलणार नाही.

आपल्याकडचा त्याहून फार जुना नमुना म्हणजे तैत्तिरीय उपनिषदातले शिक्षावल्ली हे प्रकरण. त्याच्या अकराव्या अनुवाकात (परिच्छेदात) शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य निरोप देतात. "सत्यं वद। धर्मं चर।" दोन-दोन शब्दांची वाक्ये. ऐकताच लक्षात राहतात. पण मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे: आमची जी चांगली आचरणे असतील तीच तू घे, इतर नव्हेत. गुरू स्वतःच्या उणिवांना जागा ठेवतो, म्हणून त्याचा उपदेश पटतो. तुम्ही तर गुरूही नाही, ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीचेच आहात. तेव्हा "तुम्ही करा" असे एकही वाक्य नको. "आपण" म्हणा.

शेवटच्या मिनिटात एकच मागणे ठेवा आणि ते सोमवारी करता येईल असे असू दे. "समाजाचे ऋण फेडू या" यातून घरी जाऊन करायचे काय, ते कळत नाही. "पुढच्या महिन्यात आपली जुनी पुस्तके पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ग्रंथालयात आणून देऊ या" हे कळते.

वर्गातला विनोद घ्यायचा असेल तर त्याआधी अर्ध्या वाक्यात संदर्भ द्या. नाहीतर मुले हसतात आणि आईवडील एकमेकांकडे बघत बसतात.

ध्वनिव्यवस्था_गोवा
पाठ करू नका. मधला एक शब्द विसरला की पुढचा सगळा दोर तुटतो. पहिली चार आणि शेवटची तीन वाक्ये तोंडपाठ ठेवा, बाकी कागदावरून. अक्षर 18 पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, मजकूर पानाच्या वरच्या दोन तृतीयांश भागातच. खालपर्यंत छापले की मान खाली जाते आणि आवाज छातीत अडकतो. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर तोडायचे नाही. पाने पिन न मारता, कोपऱ्यात मोठा आकडा घालून. पान उलटायचे नाही, बाजूला सरकवायचे, म्हणजे माईकमध्ये खरखर येत नाही. पोडियमवर पंखा असतो हे लोक विसरतात. जाड कागद घ्या. मोबाईलवरून वाचू नका, स्क्रीन मधेच काळी होते.

माईक तोंडापासून चार ते सहा बोटे लांब आणि हनुवटीच्या किंचित खाली. सरळ त्याच्यात बोलले की प, फ, ब, भ आले की फटका बसतो. शिट्टी वाजू लागली तर माईक हाताने झाकू नका, त्याने ती वाढते. अर्धे पाऊल मागे या आणि साउंडवाल्याकडे बघा. त्या दिवशी सभागृह भरण्याआधी अर्धा तास जाऊन पहिली दोन वाक्ये माईकवर म्हणून घ्या. मुख्य म्हणजे माईकची उंची तुमच्यासाठी लावून घ्या, कारण तुमच्या आधीचा वक्ता तो हलवून जाणार.

तिसवाडीकर
कोकणीबद्दल. अधूनमधून शिंपडू नका, ती मग फोडणीसारखी वाटते. एक जागा ठरवा: पालकांचे आभार. तिथे वळा, त्यांच्याकडे बघा आणि पूर्ण वाक्य कोकणीत म्हणा. "आमच्या आवय-बापायांक देव बरें करूं." मग दोन सेकंद गप्प. टाळ्या तिथे येतील, त्यांच्यावर बोलू नका. त्या ओसरू लागल्या की पुढचे वाक्य. मराठी न कळणाऱ्या प्राध्यापकांसाठी पाच ओळींचा इंग्रजी गोषवारा छापून आधी त्यांच्या हातात द्या. मंचावर भाषांतर करत बसलात तर वेळ दुप्पट जाईल.

मांडवीतीर
सगळ्यांचे मनापासून आभार. आता 640 शब्द झाले. नवी सुरुवात: "पावसाळ्यात वाळपईहून येणारी बस कॉलेजपाशी थांबायची तेव्हा पहिला तास सुरू झालेला असायचा. ओल्या छत्र्या दाराबाहेर एका रांगेत ठेवून आम्ही आत शिरायचो. ती रांग बघून सर हजेरी पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे. हा एक अविस्मरणीय आणि हृदयस्पर्शी अनुभव होता." जमतेय का?

आंब्याची_सावली
छान जमलेय. शेवटचे वाक्य काढा. हजेरी पुन्हा घेतली, यात सगळे आले. सरांचे नाव घेऊ नका, सभागृहात ते बसलेले असतील आणि मुलांच्या माना आपोआप तिकडे वळतील. तेवढा वेळ थांबा. "छत्र्या" शब्दावर मात्र जोर द्या, कारण शेवटच्या मिनिटात पुस्तकांचे मागणे करताना तुम्हाला त्या दाराशी परत यायचे आहे.

तालीमघर
आणि तो थांबा मसुद्यात लिहूनच ठेवा, वाक्यापुढे दोन तिरप्या रेघा मारून. लिहिला नाही तर त्या दिवशी घाईत तोच पहिला जातो.