नवीन विश्वासणाऱ्याबरोबर दोघांनीच शास्त्राभ्यास: कुठून सुरू करावे, किती आणि कसे?

सोबती

सर्वांना सलाम. नुकताच बाप्तिस्मा झालेल्या एका तरुण भावाबरोबर आठवड्यातून एकदा बसायची जबाबदारी पाळकांनी दिली आहे. तो शास्त्र म्हणजे बायबल वाचतो, पण कुठेही उघडतो, आवडलेल्या वचनाखाली रेघ मारतो आणि पुढे जातो. दोघांनीच बसायचे म्हणजे नक्की काय करायचे? कोणते पुस्तक घ्यावे, एका बैठकीत किती वचने? छापील प्रश्नपुस्तिका लागते का? त्याने विचारलेले मलाच ठाऊक नसेल तर? शिवाय तो घरच्या अडचणीही बोलू लागला आहे. त्यात कितपत शिरावे?

बिरुयाकर

नव्या करारातले पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र घ्या. ४ अध्याय, १०४ वचने. आठ बैठकांत नीट होते. येशूची गोष्टच सलग माहीत नसेल तर मात्र आधी मार्काचे शुभवर्तमान. रोमकरांस पत्र आत्ता नको, तिथे एकेका शब्दावर अडायला होते.

भाग असे पाडा (आधी अध्याय, मग वचने): १:१–११, १:१२–२६, १:२७–२:११, २:१२–३०, ३:१–११, ३:१२–४:१, ४:२–९, ४:१०–२३. अध्याय मध्येच ओलांडलेत ते मुद्दाम. अध्यायांचे आकडे १३ व्या शतकात घातले गेले आणि नव्या करारातले आजचे वचनांचे आकडे १५५१ मध्ये. पौलाने ते लिहिले नव्हते. ४:१ ‘म्हणून’ ने सुरू होते, म्हणजे ते आधीच्या बोलण्याचे टोक आहे. हे एकदा दाखवले की सुटे वचन उचलायची सवय निम्मी तिथेच मोडते.

पहिल्या बैठकीत अभ्यास करू नका. अख्खे पत्र मोठ्याने वाचा, आलटून पालटून. पंधरा-वीस मिनिटे लागतात. मग लगेच पहिला भाग.

पुढे सव्वा तास पुरे. दहा मिनिटे गेल्या आठवड्याची विचारपूस, चाळीस मिनिटे उतारा, पंधरा मिनिटे ‘आता करायचे काय’, दहा मिनिटे प्रार्थना. उतारा दोनदा वाचायचा, एकदा त्याने आणि एकदा तुम्ही, जमल्यास दुसऱ्या भाषांतरातून. जिथे शब्द वेगळे पडतात तिथेच बहुधा चांगले प्रश्न दडलेले असतात.

पुस्तिका लागत नाही. तीनच गोष्टी विचारायच्या: इथे काय लिहिले आहे, लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते, आणि त्यामुळे माझ्यात काय बदलायला हवे. क्रम मोडू नका. बहुतेक जण पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जातात. ४:१३ चेच पाहा. ‘मी सर्वकाही करू शकतो’ म्हणून ते परीक्षेला, स्पर्धेला लावले जाते. ४:११–१२ वाचले की कळते, पौल भूक आणि भरपूर, दोन्हींत तृप्त राहण्याबद्दल बोलतो आहे. हे तुम्ही सांगू नका. ‘आधीच्या दोन वचनांत तो कशाबद्दल बोलतोय?’ एवढेच विचारा आणि थांबा.

थांबणे सर्वांत कठीण. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. शांतता सहन न होऊन शिकवणाराच उत्तर देतो, आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत त्याचे प्रवचन होते. निम्म्याहून जास्त वेळ तुम्हीच बोलत असाल तर गाडी घसरली समजा. ‘यातून देवाची प्रीती दिसते ना?’ असले प्रश्नही टाळा. ‘हो’ शिवाय उत्तरच नसते. त्यापेक्षा ‘१:१२–१४ मध्ये बंदिवासाचे परिणाम कोणकोणते सांगितलेत?’ असे विचारा. बोट वचनावर ठेवूनच उत्तर द्यावे लागते.

उत्तर ठाऊक नसेल तर ‘मला माहीत नाही, शोधून सांगतो’ म्हणा, वहीत लिहा आणि पुढच्या वेळी त्यावरूनच सुरुवात करा. रचून सांगितलेले उत्तर पुढे कधी उघडे पडले तर तुमच्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास जातो.

‘करायचे काय’ मध्ये ‘जास्त प्रार्थना करीन’ चालत नाही, ते तपासता येत नाही. ‘रविवारच्या आत अमुक माणसाला फोन करून क्षमा मागेन’ हे चालते. एकच ठरवा. आणि तुम्हीही स्वतःसाठी एक ठरवा, नाहीतर त्याला आपली हजेरी घेतली जातेय असे वाटेल.

युनीके

अडचणींबद्दल. ऐका, पण सोडवायला धावू नका. उताऱ्याची चाळीस मिनिटे त्यात बुडू लागली तर त्या विषयाला वेगळा दिवस द्या.

‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. पहिल्याच दिवशी सांगा: ऐकलेले बाहेर जाणार नाही, मात्र कुणाच्या जिवाला धोका असेल, मारहाण असेल किंवा लहान मुलावर अत्याचार असेल तर मी एकटा ते पोटात ठेवणार नाही. तशा वेळी डॉक्टर, पोलीस, जे लागेल ते. पाळकांना सांगितले म्हणजे काम झाले असे नाही. त्याने उघडलेले मन अभ्यासाच्या वहीत लिहू नका, आणि प्रार्थनेची विनंती म्हणून सभेत तर अजिबात मांडू नका.

पुरुषाने पुरुषाबरोबर, स्त्रीने स्त्रीबरोबर बसावे. जागा अशी हवी की येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल. समोरचा अठराच्या आतला असेल तर दिवस, वेळ, जागा आईवडिलांना माहीत हवी. उसने पैसे देऊ-घेऊ नका. कर्ज आले की मोकळेपणा गेला.

लग्न, नोकरी, घर यांचे निर्णय तुम्ही घ्यायचे नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘शेफर्डिंग’ नावाची चळवळ निघाली, प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक वैयक्तिक मेंढपाळ. माणसांच्या खासगी निर्णयांवर ताबा चालतो, अशी तिच्यावर कडाडून टीका झाली. याकोब ५:१६ मध्ये पापे ‘एकमेकांजवळ’ कबूल करा असे आहे. एकानेच कबूल करायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, असे नाही.

सोबती

आभारी आहे. दोन शंका राहिल्या. तो सलग दोनदा आला नाही तर? आणि आठ बैठकांनंतर पुढे काय?

वाटाड्या

न येण्याचे कारण पुष्कळदा गृहपाठ असतो. वाचून झाले नाही म्हणून तोंड दाखवायला संकोच वाटतो. घरी काहीच द्यायचे नाही, सगळे तिथेच वाचायचे, असे करून पाहा. फोन करा तेव्हा ‘का आला नाहीस’ ने सुरुवात नको. तरीही येत नसेल तर ‘थांबूया का?’ असे सरळ, मायेने विचारा.

शेवट आधीच ठरवून घ्या, आठ म्हणजे आठ. मुदत नसली की कुणालाच थांबता येत नाही आणि नाते ओढून नेले जाते. पाचव्या बैठकीपासून प्रश्न त्याने काढावेत, तुम्ही उत्तरे द्यावीत. त्याच्या हातून चुकीचा अर्थ निघाला तर तो दोघांतच दुरुस्त करा, जसे प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी अपुल्लोसाला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). २ तीमथ्य २:२ त्याच्याबरोबर मोजत वाचा: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे, मग इतर. चार पिढ्या एका वचनात. तुमच्यानंतर तो कुणाबरोबर बसणार, हे तेव्हाच विचारा. नाव सुचले तर त्याच्यासाठी दोघांनी प्रार्थना सुरू करा.

त्यानंतर हवे तर मार्क, नव्या मुदतीने. १६ अध्याय आहेत, म्हणून ८:३० ला मुक्काम करा. तिथवर ‘हा कोण?’ हा प्रश्न चालतो, नंतर वाट वधस्तंभाकडे वळते. १४ वा अध्याय ७२ वचनांचा आहे, तो दोन बैठकांत घ्या. आणि १६:८ नंतरची वचने सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे त्याला आधी तुमच्याकडून कळू द्या. दुसरीकडे वाचून तो घाबरून येण्यापेक्षा ते बरे.