पैसे कोण भरतो आणि दवाखाना कोण चालवतो: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-३०२ काका: नमस्कार मंडळी. सकाळी ग्रुपवर 'सगळे दवाखाने सरकारनेच चालवावेत' असा मेसेज फिरला. माझा त्याला ठाम विरोध. पेशंट बरा झाला काय, ताटकळला काय, पगार तोच मिळणार असेल तर कोण कशाला धावपळ करेल? खासगीत पेशंट दुसरीकडे जाईल ही धास्ती असते. ती धास्तीच काम करून घेते.

सी-५०१ वहिनी: काका, धास्ती पेशंटलाच जास्त असते. माणूस स्ट्रेचरवर आणि काउंटरवर म्हणतात, आधी डिपॉझिट भरा. तेव्हा चार ठिकाणी दर विचारून कोण येणार?

डी-२०३ दादा: त्यासाठीच विमा काढून ठेवायचा असतो वहिनी.

सी-५०१ वहिनी: ज्याला मिळतो त्याने काढावा. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कंपनी हप्ता किती सांगते ते एकदा विचारा. ज्याला गरज सगळ्यात जास्त, त्यालाच दार बंद.

बी-१०४ डॉक्टर ताई: वहिनी म्हणतात ते फार पूर्वी लिहून ठेवलंय. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथेच कमी मिळते, आणि बाजाराला जितकी मोकळीक द्याल तितकं हे वाढत जातं.

ए-३०२ काका: ताई, पण ते डॉक्टर ज्या देशातले तिथलीच अवस्था बघा ना. ब्रिटनमध्ये सगळं फुकट, आणि ऑपरेशनची तारीख मिळता मिळत नाही.

बी-६०३ काकू: काका, रांगेचं सांगते, ते महत्त्वाचंच आहे. पण आधी एक. माझी सगळी नोकरी दवाखान्याच्या बिल विभागात गेली, आधी सरकारी, मग खासगी. त्यामुळे हा वाद सुरू झाला की मला एक गोष्ट खटकते. 'सरकारी की खासगी' असं विचारताना आपण दोन वेगळे प्रश्न एकात कोंबतो. पैसे कोण भरतो हा एक, आणि दवाखाना कोण चालवतो हा दुसरा.

ब्रिटनमध्ये दोन्ही सरकारकडे. ५ जुलै १९४८ ला ॲन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, पैसा करातून आला आणि इस्पितळं सरकारने ताब्यात घेतली. तरी तिथलेसुद्धा बहुतेक फॅमिली डॉक्टर सरकारी नोकर नाहीत, सेवेशी करार करून स्वतःची प्रॅक्टिस चालवतात. कॅनडात पैसे सरकार भरतं, पण डॉक्टर बहुतांशी खासगी. जपानमध्ये १९६१ पासून प्रत्येक नागरिकाला विमा आहे, इस्पितळं बहुतेक खासगी, आणि कोणत्या उपचाराला किती घ्यायचे याचं दरपत्रक सरकारचं, दर दोन वर्षांनी बदलणारं. तैवानने १९९५ मध्ये एकच राष्ट्रीय विमा आणला, तिथेही दवाखाने जास्त करून खासगीच. आणि सिंगापूर बघा, तिथे बरोबर उलट. मोठी इस्पितळं सरकारी, पण १९८४ पासून प्रत्येकाच्या पगारातून उपचारासाठी सक्तीची बचत कापली जाते आणि सरकारी इस्पितळाच्या बिलाचा काही भाग त्या खात्यातून जातो.

मग सांगा काका, जपान सरकारी की खासगी? सिंगापूर कुठे बसवायचं?

ए-३०२ काका: हं. हे मी अशा पद्धतीने पाहिलं नव्हतं. पण कॅनडातही रांगा आहेतच ना?

बी-१०४ डॉक्टर ताई: आहेत. कॅनडातले डॉक्टर खासगी का राहिले त्याचीही गोष्ट आहे. १९६२ मध्ये सस्कॅचेवान प्रांताने सगळ्यांसाठी सरकारी वैद्यकीय विमा लागू केला तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. तडजोड अशी झाली की डॉक्टर स्वतंत्रच राहतील, फक्त बिल पेशंटऐवजी सरकारी विम्याकडे पाठवतील. काही वर्षांत तोच नमुना देशभर गेला.

बी-६०३ काकू: आणि काकांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखलाही कॅनडातलाच आहे. तिथल्या क्वेबेक प्रांतात सरकारी विम्यात येणाऱ्या उपचारांसाठी खासगी विमा विकायला बंदी होती. २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. कारण असं, की रांगेत नाव लागलं म्हणजे उपचार मिळाले असं होत नाही, आणि लोक थांबता थांबता मरत असतील तर दुसरी वाट बंद करायचा अधिकार सरकारला नाही. ब्रिटनमध्येही १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू करायचं जे उद्दिष्ट आहे, ते २०१६ पासून गाठता आलेलं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. सरकारी व्यवस्थेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तर हे सगळ्यात मोठ्याने बोललं पाहिजे, कारण रांगेला कंटाळून ऐपतवाला माणूस बाहेर पडला की त्या इस्पितळासाठी भांडणारं कोणी उरत नाही. मग निधी आटतो, रांग आणखी वाढते.

पण काका, रांग खासगी व्यवस्थेतही असते. ती दिसत नाही, कारण पैसे नसलेला माणूस रांगेत उभाच राहत नाही. तो घरीच थांबतो. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही.

सी-५०१ वहिनी: हे शेवटचं अगदी खरं. आमच्या नात्यात एकांनी छातीत दुखतंय हे घरात सांगितलंच नाही, खर्च होईल म्हणून.

डी-२०३ दादा: काकू, सगळं पटतंय, पण एक शंका. फुकट दिलं की लोक उगाच गर्दी करतात. थोडे पैसे आकारले तर खरा गरजू तेवढाच येईल.

बी-१०४ डॉक्टर ताई: दादा, यावर प्रत्यक्ष प्रयोग झालाय. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात हजारो लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या विमा योजनांत वाटून दिलं. काहींना सगळं मोफत, काहींना खर्चाचा वाटा भरायला लावला. वाटा भरणारे खरंच कमी वेळा डॉक्टरकडे गेले आणि खर्चही कमी झाला. इथवर तुमचं बरोबर. पण त्यांनी अनावश्यक उपचार जितके टाळले, जवळपास तितकेच आवश्यकही टाळले. कोणती छातीतली कळ गॅसची आणि कोणती हृदयाची, हे पेशंटला घरी बसून कसं कळणार? सरासरी माणसाच्या प्रकृतीत फार फरक दिसला नाही, पण जे गरीब आणि आधीच आजारी होते, त्यांचा रक्तदाब मोफतवाल्या गटात चांगला आटोक्यात राहिला.

बी-६०३ काकू: आणि म्हणूनच बाजाराचा नेहमीचा नियम इथे चालत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच हे नीट उलगडून सांगितलं होतं, पुढे त्यांना नोबेलही मिळालं. आजार कधी येईल माहीत नाही, आला तर काय करायला हवं हे डॉक्टरला कळतं, आपल्याला नाही. जो विकणारा, तोच आपल्याला काय घ्यायचं ते सांगणारा. अशा ठिकाणी 'ग्राहकाने पारखून घ्यावं' म्हणणं हा आजारी माणसावर अन्याय आहे. बिल विभागात मी हे रोज पाहिलं. नातेवाईक कागद हातात घेऊन उभे असायचे आणि त्यातली एकही ओळ त्यांना कळत नसायची. सही मात्र त्यांचीच लागायची.

डी-२०३ दादा: म्हणजे विमा कंपन्या पूर्णच नकोत? माझं क्षेत्र आहे म्हणून विचारतोय.

बी-६०३ काकू: तसं नाही दादा. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून आणि नेदरलँड्समध्ये २००६ पासून सगळ्यांचा मूळ विमा खासगी कंपन्यांकडेच आहे. पण अटी बघा. विमा प्रत्येकाने घ्यायलाच हवा. आजारी आहे म्हणून कंपनी कोणाला नाकारू शकत नाही, जास्त हप्ताही लावू शकत नाही. जिच्याकडे आजारी लोक जास्त, तिला बाकीच्यांकडून भरपाई मिळते. हप्ता झेपत नाही त्याला सरकार मदत करतं. स्वित्झर्लंडमध्ये तर या मूळ विम्यावर नफा काढायलाच मनाई आहे. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळापासून, १८८३ पासून, मालक आणि कामगार मिळून आजार-निधीत पैसे भरतात. तो निधी सरकारचाही नाही आणि नफ्यासाठीही नाही. वहिनी म्हणाल्या ते बंद दार या सगळ्यांनी कायद्याने उघडलं.

आणि जिथे ते नीट उघडलं नाही, तिथली किंमतही दिसते. अमेरिका आपल्या उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर खर्च करते, इतर श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी जास्त. तरी तिथे कोट्यवधी लोक विम्याशिवाय आहेत आणि सरासरी आयुर्मान त्या इतर देशांपेक्षा कमी आहे. गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की तिथेही ६५ च्या पुढच्यांसाठी १९६६ पासून सरकारी विमा आहे, आणि माजी सैनिकांसाठी तर पूर्ण सरकारी इस्पितळं आहेत. म्हणजे कसं करायचं हे ठाऊक आहे.

ए-३०२ काका: पण चालवणाऱ्याच्या मेहनतीचं काय? माझा मूळ मुद्दा तोच होता. पगार ठरलेला असला की माणूस सुस्तावतो.

बी-१०४ डॉक्टर ताई: काका, पैसे ज्या रीतीने मिळतात त्या रीतीने डॉक्टर वागतात, हे मी दोन्हीकडे काम करून सांगते. दर तपासणीमागे पैसे दिले की तपासण्या वाढतात. ठरलेल्या पगारावर ठेवलं की जास्तीचा पेशंट ओझं वाटायला लागतो. १९८३ मध्ये अमेरिकेच्या त्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने झालेल्या खर्चाप्रमाणे बिल भरणं सोडलं आणि आजाराच्या प्रकारानुसार एकरकमी पैसे द्यायला सुरुवात केली. इस्पितळं तीच, डॉक्टर तेच, पण पेशंट लवकर घरी जायला लागले. कुठे कुठे गरजेपेक्षा लवकर. थायलंडने २००२ मध्ये सगळ्यांना आरोग्य योजनेत सामावून घेतलं तेव्हा बाह्यरुग्ण विभागासाठी माणशी ठरावीक रक्कम इस्पितळाला द्यायचं ठरवलं, मग किती तपासण्या केल्या याला महत्त्व उरलं नाही. पण थायलंडला ते जमलं, कारण त्याआधी दोन दशकं त्यांनी तालुक्यातालुक्यात सरकारी इस्पितळं बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना तिथे सेवा सक्तीची केली होती. नुसता विम्याचा कागद हातात दिला आणि जवळ दवाखानाच नसला, तर काय उपयोग?

सी-५०१ वहिनी: म्हणजे सरकारी दवाखाने हवेतच.

बी-६०३ काकू: हवेतच वहिनी, आणि चांगले हवेत. दुर्गम भाग, साथीचे रोग, भाजलेले रुग्ण, क्षयरोगाची महिनोनमहिने चालणारी औषधं, यात नफा नाही म्हणून खासगी सहसा तिथे जात नाही. बाकी ठिकाणी कोण चालवतो यावर मी फार हट्ट धरणार नाही. हट्ट एकाच गोष्टीचा: आजारी पडल्या क्षणी पैशाचा प्रश्न पुढे यायला नको. ते पैसे धडधाकट असताना, सगळ्यांनी मिळून, ऐपतीप्रमाणे भरलेले असावेत. करातून असोत, आजार-निधीतून असोत की कायद्याने बांधलेल्या विम्यातून.

ए-३०२ काका: हे मान्य. पण माझीही एक अट. रांगेची मुदत कायद्यात लिहिलेली हवी. मुदत टळली तर सरकारने आपल्या खर्चाने खासगीत पाठवावं. नुसतं उद्दिष्ट नको.

बी-६०३ काकू: काका, डेन्मार्कने हेच केलं. २००२ मध्ये नियम केला की सरकारी इस्पितळात दोन महिन्यांपेक्षा जास्त थांबावं लागणार असेल तर पेशंटने करार केलेल्या खासगी इस्पितळात जावं, बिल सरकार भरेल. २००७ मध्ये मुदत एक महिन्यावर आणली.

बी-१०४ डॉक्टर ताई: त्यात एक काळजी घ्यावी लागते. खासगीवाले मोतीबिंदू, गुडघा अशी सोपी ऑपरेशनं उचलतात. गुंतागुंतीचा, चार आजार असलेला म्हातारा पेशंट सरकारीतच राहतो. मग आकड्यांत सरकारी इस्पितळ महागडं आणि मंद दिसतं.

ए-३०२ काका: मग दोघांना सारखाच दर देऊ नका. अवघड पेशंटला जास्त पैसे.

बी-१०४ डॉक्टर ताई: आणि निकालही आजाराच्या तीव्रतेप्रमाणे मोजायचे, दोघांचेही, आणि जाहीर करायचे.

ए-३०२ काका: जाहीर करायला खासगीवाल्यांनाही सक्ती हवी. याबाबतीत मी तुमच्या बाजूने.