1964 ची एमजीबी: ॲबिंग्डनच्या रेसगाडीसारखी बांधू, की पुन्हा निळी करू?

कोव्हेंट्रीचा_सातारकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

दोन वर्षांपूर्वी मी एमजीबी रोडस्टर घेतली, म्हणजे एमजी कंपनीची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, एप्रिल 1964 ची. लाल रंग, मिनीलाइटची मिश्रधातूची चाकं, दारांवर नंबरासाठी पांढरे गोल. आधीचे मालक म्हणाले, "फॅक्टरी रेस स्पेक आहे," म्हणजे एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याने स्वतः रेसला उतरवलेल्या गाडीसारखी. मी मान डोलावली. लाल रंगापुढे माझं डोकं चालत नाही, हे बायकोला माहीत होतं, त्यांनाही कळलं असावं.

माझ्या मनात होती 1964 च्या ल मान्सची, फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीतली एमजीबी. पॅडी हॉपकर्क आणि अँड्र्यू हेजेस यांनी चोवीस तास चालवून एकूणात 19 वा नंबर काढला, सरासरी ताशी 99.9 मैल. शंभराला चिमूटभर कमी! पहिल्या आलेल्या फेरारीपेक्षा मला ही चिमूट जास्त आवडते.

या हिवाळ्यात गाडी उघडली आणि एकेक प्रकरण बाहेर यायला लागलं. गेडनच्या संग्रहालयाकडून कारखान्याच्या नोंदींचा दाखला मागवला. त्यात रंग लिहिलाय आयरिस ब्लू. टॉर्च घेऊन डॅशच्या मागे डोकं घातलं, तर हीटरच्या पेटीखाली वीतभर पत्रा खरंच फिकट निळा. इंजिनावरच्या पट्टीवर 18जीबी, म्हणजे पाच मेन बेअरिंगचं (क्रँकला पेलणारे पाच आधार). ते ऑक्टोबर 1964 पासून आलं. माझ्या गाडीला तीन बेअरिंगचं 18जीए हवं. मागचे मूळचे लिव्हरवाले शॉकअप काढून टेलिस्कोपिक बसवलेत. दाराखालच्या सिलवर लोहचुंबक लावला तर तो सरळ फरशीवर पडला. आत पत्रा कमी, पुट्टी जास्त. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार सिलवरच, म्हणजे ते काम आधी.

एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, विटनीहून नवी बॉडी आणा. जुन्या डायवरच ठोकलेली मिळते, हे खरं. पण नवी बॉडी, दुसरं इंजिन, दुसरी चाकं. मग माझ्या गाडीचं उरलं काय, नंबर प्लेट?

तर विचारायचंय ते असं. तीन बेअरिंगचं इंजिन शोधू का? ॲल्युमिनियमचं क्रॉसफ्लो हेड (एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने धूर बाहेर) मिळतंय, ताकद झकास वाढते म्हणतात, घेऊ का? आणि रंग? कारखान्याच्या गाड्या लाल, वर पांढरं हार्डटॉप. माझी जन्माने निळी.

उद्यमनगर_लेथ

सातारकर भावा, एमजीबी मी फोटोतच बघितलीय. पण तुझं इंजिन आमच्या पाहुण्यांतलं निघालं की! आपल्या अँबेसेडरचं 1489 सीसी पेट्रोल आणि तुझं 1798, दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी सिरीजची. स्ट्रोक तोच, 88.9 मिलिमीटर. बोअर तेवढा 73 चा 80.26 केला. वडिलांनी आणि मी कोल्हापुरात असली कितीतरी बांधली, म्हणून बोलतोय.

तीन बेअरिंगची क्रँक म्हणजे लांब तुळईला मधे एकच खांब. रोजच्या रस्त्यावर काय होत नाही, पण रेसला आरपीएम चढला की ती लवती. तेव्हा क्रँक मिळाली की पहिल्यांदा चिरा तपास. मग फ्लायव्हील आणि क्लचसकट बॅलन्सिंग. नुसती क्रँक बॅलन्स करून आणणारे लई बघितले, पैसे पाण्यात.

हेडबद्दल. चार सिलिंडर आणि इनलेटला तोंडं दोनच, म्हणजे दोन नळांवर चार घागरी. एक्झॉस्टही त्याच बाजूला, आणि मधल्या दोन सिलिंडरचा धूर एकाच भोकातून. तिथंच गरम होतंय, मधल्या एक्झॉस्ट सीटांपाशी चीर बघ. क्रॉसफ्लो घेतलास तर ही सगळी कटकट जाईल, मान्य. पण तीच कटकट सोसून त्यांनी ताशी 99 काढले ना? मग तू पण सोस. लोखंडी हेडच साफ कर, चेंबर चारी सारखे कर, हातानं, घाई न करता. सीट मात्र कडक बसव, आताच्या पेट्रोलात शिसं नाही. कडक सीट बाहेरून कुणाला दिसणार नाही.

सिल कापायच्या आधी दारांच्या भोकात आडव्या पट्ट्या वेल्ड कर. नाहीतर बॉडी मधनं बसती आणि नंतर दार लागत नाही. दोन्ही बाजू एकदम कापू नको.

छाननीताई

मी सिल्व्हरस्टोनजवळ राहते, सुट्टीच्या दिवशी ऐतिहासिक रेसच्या तांत्रिक छाननीला हातभार लावते. "फॅक्टरी स्पेक" हा शब्द ऐकला की आम्ही पहिलं विचारतो, कोणत्या तारखेचा?

कारखान्याची रेसगाडी एकसारखी कधीच नव्हती. 7 डीबीएल नंबराची कारखान्याची एमजीबी घ्या. 1963 च्या ल मान्सला तिला लांब उतरतं नाक लावलं होतं, आणि ती म्युल्सानच्या वळणावर वाळूत रुतली. ड्रायव्हरने तासाहून जास्त वेळ वाळू उपसली, तरी 12 वी आली. पुढच्या जानेवारीत माँटे कार्लो रॅलीला तीच गाडी साध्या नाकाने धावली आणि मोर्ले बंधूंनी जीटी गट जिंकला. मग खरी 7 डीबीएल कोणती म्हणायची? दोन्ही. म्हणून एक तारीख धरा आणि तिच्यापुढचं काही बसवू नका.

1964 चा जून धरलात तर तीन बेअरिंग, तारांची चाकं, एक वेबर 45 डीसीओई कार्बुरेटर. मिनीलाइट विकून टाका, चांगले पैसे येतील. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या परिशिष्ट के मध्ये, म्हणजे ऐतिहासिक रेसच्या नियमांत, 1962 ते 1965 हा काळ एफ गटात येतो. होमोलोगेशनच्या, म्हणजे रेसला मंजूर भागांच्या, कागदांना पुरवण्या असतात, प्रत्येकीवर तारीख असते. भाग त्यात नसेल तर तो कितीही जुना दिसो, चालत नाही. उलट रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पिंजरा) आणि सीटचे पट्टे आजचे लागतात, तिथे जुनेपणाचा हट्ट धरू नका.

रंगाचं उत्तर सोपं आहे. ॲबिंग्डनच्या स्वतःच्या गाड्या लाल, पण तिथलाच स्पेशल ट्यूनिंग विभाग बाहेरच्या रेसवाल्यांना तेच भाग विकत होता. ते लोक आपापल्या रंगाच्या गाड्या घेऊन शर्यतीला यायचे. निळी गाडी, कारखान्याचे भाग. यात खोटं काहीच नाही.

जुन्या_गाडीचा_पुणेकर

माझं मत वेगळं आहे. ही गाडी रेसला कधी गेलीच नव्हती, मग तिला इतिहास चिकटवता कशाला? सिल करा, निळा मारा, ट्विन एसयू कार्बुरेटर ठेवा, चालवा. आमच्याकडे 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवायची असेल तर चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. मला तो नियम जाचक वाटायचा. तुमची गोष्ट वाचून जरा पटला.

(आणि हो, हेवा वाटतो. इथे तारांच्या चाकाचा एक हब शोधायला मला आठ महिने लागले.)

कोव्हेंट्रीचा_सातारकर

सगळ्यांचे आभार. पुणेकर, तुमचं बोलणं दोन दिवस डोक्यात घोळत होतं. रस्त्यावरची म्हणून ती छानच होईल, पण मला ती वळणावर किंचाळताना ऐकायचीय, त्याला इलाज नाही. ताईंचा मार्ग पटला: निळा रंग, जून 1964, लाल गाडीची नक्कल नाही. दारांवरचे पांढरे गोल काल रात्री खरवडून काढले.

लेथवाल्या दादा, क्रॉसफ्लोवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. सिलची डावी बाजू आधी घेतोय, आडव्या पट्ट्या वेल्ड झाल्या.

एक गंमत सांगायची राहिली. तीन बेअरिंगच्या इंजिनाला आरपीएमचा काटा केबलवर चालायचा, पाच बेअरिंग आल्यावर तो विजेचा झाला. डॅश खाली उतरवला तर वायरींच्या गुंत्यात सुतळीने बांधून ठेवलेली काळी केबल सापडली, टोकाला ग्रीस अजून ओलं. ज्याने इंजिन बदललं त्याला ती फेकवली नसावी. पुसून, गुंडाळून फळीवर ठेवलीय.

आता तिच्या दुसऱ्या टोकाला लावायला 18जीए चा ब्लॉक हवाय. चीर नसलेला, बोअर वाढवायला जागा असलेला. मिडलंड्समध्ये कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा, टेम्पो माझा.